पिकअप गाडीचें जड झालेलें स्टिअरिंग : दोष ओळखण्याची रीत

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतमाल बाजारांत नेण्याकरितां बैलगाडी जुंपण्याचे दिवस आपल्या बहुतेक तालुक्यांतून मागें पडले. आतां टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोणी, द्राक्षांच्या पेट्या किंवा दुधाचे कॅन घेऊन पहांटे निघते ती पिकअप गाडी. पुष्कळ शेतकऱ्यांनीं ही गाडी नवी न घेतां दुसऱ्याच्या हातची, आठ-दहा वर्षें चाललेली अशी घेतलेली असते; आणि ती आणखी तितकींच वर्षें चालावी अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. बैल लंगडूं लागला तर मालक त्याचा खूर उचलून पाहतो. लागलीच बैल विकावयास काढीत नाहीं. परंतु गाडीचें स्टिअरिंग जड झालें कीं तोच मालक बोनेटही न उघडतां गाडी गॅरेजांत उभी करतो, आणि जें बदला म्हणून सांगितलें जाईल तें बदलून घेतो. एवढ्यानें दोष गेला तर ठीक. न गेला तर दुसरा भाग, मग तिसरा. असा खर्च एका हंगामाच्या नफ्यास गिळून टाकतो, आणि तोंपर्यंत माल शेतांतच राहतो.

प्रस्तुत लेखांत, तेलाच्या दाबावर चालणारें पॉवर स्टिअरिंग ज्या जुन्या पिकअप गाड्यांना आहे, त्यांतील दोष मालकानें घरच्या घरीं कसे ओळखावे, कोणते स्वतः दूर करावे आणि कोणत्यांसाठीं कारागीराकडे जावें, याचा विचार केला आहे. अलीकडील कांहीं लहान गाड्यांत विजेच्या मोटारीवर चालणारें स्टिअरिंग येतें. त्यांत तेल नसतें, पंपही नसतो. सबब खालील विवेचन त्यांस लागू नाहीं.

यंत्राची रचना

दोष शोधण्यापूर्वीं यंत्र कसें चालतें तें ठाऊक असावें. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखा पोहोंचतो, हा नियम ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७ व्या शतकांत मांडला. त्याचाच उपयोग येथें केलेला आहे. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनियरानें इ. स. १९२६ मध्यें तेलाच्या दाबाचें स्टिअरिंग एका मोटारीवर बसवून दाखविलें. तें विक्रीच्या मोटारींत येण्यास मात्र १९५१ साल उजाडलें. त्या वर्षीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इंपीरियल मोटारींत तें दिलें. आपल्या पिकअप गाडींत आज जें आहे त्याचें तत्त्व तेंच आहे.

इंजिनाच्या पुढल्या बाजूस पट्ट्यावर फिरणारा एक लहान पंप असतो. त्याच्या अंगावर किंवा जवळच तेलाची टाकी असते. पंपांतून निघालेलें तेल जाड दाबनळीनें स्टिअरिंगच्या पेटींत जातें आणि साध्या परतनळीनें पुन्हां टाकींत येतें. पेटीच्या तोंडाशीं एक फिरता व्हॉल्व्ह असतो व त्याच्या मध्यभागीं पीळ घेणारी एक पोलादी कांडी असते. तिला कारागीर टॉर्शन बार म्हणतात. चालकानें चाक वळविलें कीं ही कांडी किंचित् पिळते, व्हॉल्व्ह त्या मानानें उघडतो, आणि दाबाचें तेल ज्या बाजूस वळावयाचें त्या बाजूच्या पिस्टनामागें जाऊन त्यास ढकलतें. हात सैल सोडला म्हणजे कांडीचा पीळ उलगडतो आणि तेल नुसतें फिरत राहतें. पंपाचा कमाल दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरास ७० ते १०० किलोच्या आसपास असतो. म्हणजे पुढल्या टायरांतील हवेच्या दाबाच्या वीसपटींहूनही अधिक. नळी फुटली असतां तेल पिचकारीसारखें कां उडतें, हें यावरून समजेल.

एक गोष्ट येथेंच ध्यानांत ठेवावी. तेल संपलें, पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलें, तरी स्टिअरिंगचें चाक व पुढचीं चाकें यांचा लोखंडी संबंध कायम असतो. गाडी वळते; पण वळविण्यास दोन्ही दंडांचें बळ लागतें. नवख्या चालकाचा घात होतो तो वळवितां येत नाहीं म्हणून नव्हे, तर तो गोंधळून हात सोडतो म्हणून.

आधीं पंचनामा, मग निवाडा

खात्यांत असतांना एक नियम आम्हांस पाठ झाला होता : बांधावर गेल्याखेरीज हद्दीविषयीं मत देऊं नये, आणि जें पाहिलें तें तेथल्या तेथें लिहून घ्यावें. गाडीच्या दोषासही हाच नियम लावावा. एक वही घेऊन पुढील प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस जड आहे कीं एकाच बाजूस? सदैव जड आहे, कीं सकाळीं थंड असतांना, कीं दूरच्या प्रवासानंतर तापल्यावर? एकाएकीं जड झालें कीं हळूहळू? आवाज येतो काय, आणि कोणत्या वेळीं? गाडीखालीं तेलाचा डाग पडतो काय? या पांच उत्तरांनीं निम्मा शोध पुरा होतो.

यानंतर तपासणी स्वस्तांतून महागाकडे, व वरून आंत, अशी करीत जावी.

प्रथम टायर व भार. पुढच्या टायरांत हवा कमी असली म्हणजे उत्तम पॉवर स्टिअरिंगही जड वाटतें. हवा थंड टायरांत मोजावी आणि गाडीच्या पुस्तकांत दिली असेल तितकी ठेवावी. भाराविषयीं एक फसवी गोष्ट सांगणें अवश्य आहे. हौद्याच्या मागल्या टोंकास अतिरिक्त माल रचला असतां मागचा ॲक्सल टेंकू होतो, पुढचा भाग उचलला जातो व स्टिअरिंग उलट हलकें लागतें. आज गाडी फारच हलकी चालते म्हणून चालक खूष होतो. वस्तुतः पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड गेलेली असते. अशी गाडी वळणावर सरळ जाऊं पाहते. हा दोष यंत्राचा नव्हे, माल रचण्याचा होय.

दुसरें, तेल. गाडी सपाट जागीं उभी करून टाकीभोंवतालची धूळ पुसावी आणि मगच झांकण उघडावें. कारण आंत पडलेला वाळूचा कण पंपाचीं पातीं खातो. पातळी वरच्या व खालच्या खुणांमध्यें असावी. कांहीं काडींवर थंड व गरम अशा निरनिराळ्या खुणा असतात, त्यांप्रमाणें पाहावें. मग तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घ्यावा. बहुतेक गाड्यांत ए. टी. एफ. नांवाचें तांबडें तेल असतें. तें तांबडें व स्वच्छ असेल तर उत्तम. तपकिरी-काळें व जळका वास येणारें असेल तर बदलावें. फेंसाळ अथवा दुधाळ असेल तर त्यांत हवा किंवा पाणी शिरलें आहे. कोणत्या जातीचें तेल घालावें तें गाडीच्या पुस्तकांत किंवा टाकीच्या झांकणावर असतें, तेंच घालावें. ब्रेकचें तेल येथें कदापि घालूं नये. तें निराळ्या रसायनाचें असून त्यानें यांतील रबरी सीलें फुगून निकामी होतात, आणि एका वाटीभर चुकीच्या तेलापायीं पंप व पेटी दोन्ही उघडावीं लागतात.

तेल कमी आढळलें तर तें भरून स्वस्थ बसूं नये. हें तेल इंजिनांतल्या तेलाप्रमाणें जळून जात नाहीं. तें कमी झालें याचा अर्थ तें कोठें तरी गळालें.

तिसरें, पट्टा. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व दोन पुलींच्या मध्यावर पट्टा अंगठ्यानें जोरानें दाबावा. साधारण एक सेंटिमीटर लवला तर ताण योग्य. नेमका आंकडा पुस्तकांत मिळेल. दोन सेंटिमीटर लवला तर ढिला समजावा. पट्ट्याची आंतली बाजू कांचेसारखी चकाकत असेल, भेगाळली असेल अगर तेलानें माखली असेल, तर तो ताणून उपयोग नाहीं, बदलावा. कांहीं गाड्यांत एकच पट्टा पंपाबरोबर अल्टरनेटरही फिरवितो. अशा गाडींत स्टिअरिंग जड होणें व बॅटरीचा दिवा लागणें हीं दोन्ही एकाच वेळीं घडलीं, तर पट्ट्याखेरीज दुसरीकडे पाहण्याचें कारण नाहीं. पट्टा फाजील ताणणेंही वाईट. त्यानें पंपाचें बेअरिंग व सील लवकर जातें.

चवथें, नळ्या. दाबनळीचीं दोन्ही टोंकें, परतनळीच्या पट्ट्या, आणि नळी जेथें लोखंडास घांसते ती जागा नीट पाहावी. गोठ्याशेजारीं किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडींत उंदीर रबरी नळ्या कुरतडतात, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको. परतनळी अगर पंपाकडे जाणारी नळी आंतून फुगून अरुंद झाली असेल तर पंपास तेल अपुरें मिळतें आणि तो कण्हूं लागतो.

पांचवी व अत्यंत महत्त्वाची परीक्षा, पुढचीं चाकें उचलून पाहणें. मागच्या चाकांस ओंडके लावावे, हँडब्रेक ओढावा, पुढचा भाग जॅकनें उचलून लोखंडी स्टँडवर किंवा भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेंकवावा. विटा, दगड यांवर अगर नुसत्या जॅकवर भरंवसा ठेवून गाडीखालीं शिरूं नये. आतां इंजिन बंद ठेवून, किल्लीनें स्टिअरिंगचें कुलूप मात्र मोकळें करून, चाक सावकाश एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें. चाकें जमिनीपासून सुटलेलीं असतांना देखील तें अडखळत किंवा फार जड फिरलें, तर दोष तेलाचा नसून लोखंडाचा आहे : बॉल जॉइंट कोरडे पडले असतील, किंग पिन जाम झाली असेल, अथवा स्टिअरिंगच्या दांड्यावरील क्रॉस गंजला असेल. उलट तें मोकळें फिरलें, आणि गाडी खालीं उतरवून इंजिन चालूं करतांच जड झालें, तर दोष पंप, पट्टा, तेल किंवा व्हॉल्व्ह यांपैकीं कशांत तरी आहे. या एका परीक्षेनें दोषाचें क्षेत्र निम्म्यावर येतें.

लक्षणांवरून दोषाचा शोध

दोन्ही बाजूंस सारखें जड. तेल, पट्टा व टायर ठीक असतील तर संशय पंपावर किंवा टाकीच्या तळाशीं असलेल्या जाळीवर घ्यावा. जुन्या गाडींत ही जाळी गाळानें भरते. कांहीं टाक्यांतील जाळी निघत नाहीं; तेथें टाकीच बदलावी लागते. पण पूर्ण पंपाच्या मानानें तो खर्च अल्प आहे.

एकाच बाजूस जड. येथें पंपास दोष देणें गैर आहे. कारण दोन्ही बाजूंस तेल पुरविणारा पंप एकच. तो एका बाजूस काम देतो, तर दुसऱ्या बाजूसही देईल. अर्थात् दोष पेटीच्या आंतील व्हॉल्व्हांत किंवा सीलांत आहे. एकाच बाजूस जड असतांना जो कारागीर पंप बदला म्हणेल, त्यास हा प्रश्न अवश्य विचारावा.

सकाळीं जड, तापल्यावर ठीक. रॅकच्या जातीच्या पेटींत व्हॉल्व्हाच्या कड्या धातूच्या घरांत घांसून चर पाडतात. थंड असतांना त्या चरांतून तेल निसटतें. तापल्यावर कड्या नरम होऊन बसतात. हा दोष वाढत जाणारा आहे. मात्र तत्पूर्वीं तेल चुकीचें अगर जाड घातलें गेलें नाहीं ना, हें पाहून घ्यावें.

थंड असतांना ठीक, तापल्यावर जड. तेल तापून पातळ झालें म्हणजे झिजलेल्या पंपांतून तें आंतल्या आंत निसटतें. हें पंप म्हातारा झाल्याचें चिन्ह होय.

झटकन् वळवितांना क्षणभर अडकल्यासारखें होणें. पट्टा निसटतो आहे, तेल कमी आहे, किंवा तेलांत हवा आहे.

वळून झाल्यावर चाक आपोआप सरळ न येणें. कोरडे बॉल जॉइंट, टायरांत कमी हवा, अलाइनमेंट बिघडणें, किंवा मागें कारागीरानें पेटीचा स्क्रू जास्त आंवळून ठेवणें हीं कारणें असतात.

गाडी एका बाजूस ओढणें. आधीं दोन्ही टायरांची हवा मोजावी आणि कोणता ब्रेक धरून राहतो काय तें चाक हाताशीं धरून, तापलें आहे कां तें पाहून ठरवावें. मग पुढचे दोन टायर अदलाबदल करावे. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरांत आहे. तरीही शंका राहिली तर पुढचीं चाकें अधांतरीं ठेवून इंजिन चालूं करावें. चाक हात न लावतां आपण होऊन वळूं लागलें, तर व्हॉल्व्हाचा तोल गेला आहे.

आवाज व गळती

आवाजाची परीक्षा कानानें होते व ती शिकण्यास सोपी आहे. चाक टोंकापर्यंत वळवितांच किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा निसटतो. वळवितांना कण्हण्याचा आवाज वाढत गेला तर पंपास तेल अपुरें आहे किंवा तेलांत हवा आहे. खड्ड्यावरून जातांना खालून ठक् ठक् आवाज आला तर टाय रॉड किंवा बॉल जॉइंट सैल आहे; याकडे एक दिवसही दुर्लक्ष करूं नये, कारण जॉइंट निसटला तर पूर्वीं सांगितलेला लोखंडी संबंधच तुटतो. उभ्या गाडींत चाक टोंकाशीं नेलें असतां थोडा सूं सूं आवाज होतो, तो मात्र स्वाभाविक आहे. त्या टोंकास चाक पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. पंप त्या वेळीं आपल्या कमाल दाबावर असतो आणि तेल झपाट्यानें तापतें.

गळतीची जागा शोधतांना सर्व भाग फडक्यानें कोरडे पुसून घ्यावे आणि रात्रीं गाडीखालीं जुना पुठ्ठा पसरावा. सकाळीं डाग कोठें व कोणत्या रंगाचा आहे तें पाहावें. तेल खालीं वाहतें व वाऱ्यानें मागें जातें. म्हणून ओला भाग जेथें संपतो तेथें नव्हे, तर जेथें सुरू होतो तेथें गळती असते. रॅक असलेल्या गाडींत दोन्ही टोंकांच्या रबरी घड्या हलकेच दाबाव्या. आंत तेल खळखळलें तर रॅकचें सील गेलें. चालत्या इंजिनाच्या दाबनळीवर हात फिरवून गळती कधींही शोधूं नये. बारीक छिद्रांतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते, व वरून टांचणी टोंचल्यासारखी दिसणारी ती जखम हात कापावा लागण्यापर्यंत मजल नेते. असें घडल्यास दुखत नसलें तरी तत्काळ इस्पितळांत जावें. धार पुठ्ठा धरून पाहावी. उपरणें, सदऱ्याच्या बाह्या व साडीचा पदर पट्ट्यापासून दूर ठेवावा.

एका उदाहरणाचा बोध

आमच्या शिवारांतील एका शेतकऱ्याची पिकअप नऊ वर्षांची होती. ऐन टोमॅटोच्या तोडणींत स्टिअरिंग दोन्ही बाजूंस जड झालें. तालुक्याच्या एका गॅरेजांत पेटी व पंप दोन्ही बदलण्याचा आंकडा लिहून देण्यांत आला. तो त्या आठवड्याच्या सबंध मालाच्या किंमतीहून मोठा होता. गृहस्थांनीं पैशाची जुळवाजुळव चालविली असतांना, त्यांच्या थोरल्या मुलानें वर सांगितल्याप्रमाणें वहींत टिपणें केलीं : दोन्ही बाजूंस जड, वळवितांना किंचाळी, बॅटरीचा दिवा अधूनमधून लागतो, टाकी खालच्या खुणेच्या खालीं. पुसून पाहतां परतनळीची पट्टी सैल होऊन तेल थेट पट्ट्यावर ठिबकत असल्याचें आढळलें. नवी पट्टी, नवा पट्टा व तेल एवढ्यावर काम भागलें, आणि तिसऱ्या दिवशीं गाडी बाजारास गेली. आंकडा देणारा लबाडच होता असें म्हणतां येत नाहीं; त्यानें तपासलें नव्हतें, आणि मालकानेंही तपासा म्हटलें नव्हतें.

याच्या उलटही घडतें. दुसऱ्या एका गृहस्थांनीं दर आठ दिवसांनीं टाकी भरून दाबनळीची गळती सुमारें चार महिने चालूं दिली. शेवटीं नळी फुटली ती माळशेज घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीनिशीं. चालक जुना व धिमा होता. त्यानें दोन्ही हातांनीं चाक धरून गाडी डोंगराच्या बाजूस लावली, म्हणून माणसें वांचलीं. तापलेल्या धुराड्यावर हें तेल उडालें तर आगही लागते.

हवा काढणें व तेल बदलणें

नळी काढली, तेल संपलें किंवा बदललें म्हणजे आंत हवा राहते. ती काढल्याखेरीज आवाज व झटके जात नाहींत. पुढचीं चाकें उचलून टाकी भरावी. इंजिन बंदच ठेवून चाक या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सावकाश पंधरा-वीस वेळां फिरवावें. दुसऱ्या माणसानें टाकी पाहत राहून पातळी उतरेल तसें तेल घालावें. बुडबुडे थांबल्यावर इंजिन मंद गतीनें चालूं करावें आणि चाक आणखी कांहीं वेळां, टोंकाशीं न दाबतां, फिरवावें. तेल फेंसाळलें तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबावें व पुन्हां आरंभ करावा. घाईनें इंजिन आधींच चालूं केलें तर पंप हवेचा फेंस करतो आणि दिवस वायां जातो.

जुनें तेल बदलावयाचें तर परतनळी टाकीपासून सोडवून तिचें टोंक डब्यांत धरावें, टाकीचें तोंड बुचानें बंद करावें, आणि इंजिन बंद ठेवून चाक फिरवीत वरून नवें तेल ओतीत जावें, तों नळींतून स्वच्छ तेल येऊं लागेल. निघालेलें तेल ओढ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. डब्यांत भरून गॅरेजांत द्यावें. गळती थांबविणाऱ्या औषधाच्या बाटल्या बाजारांत मिळतात. सुकलेल्या सीलास त्यांनीं कांहीं दिवस आराम पडेल. फाटलेल्या सीलास अगर फुटक्या नळीस त्यांचा उपयोग नाहीं.

पंप कीं पेटी? हा प्रश्न पैशाचा आहे

वरील सर्व करूनही दोष राहिला तर कारागीराकडे जावें लागेल, आणि तेथें मोठा खर्च दोहोंपैकीं एका वस्तूवर होईल. या ठिकाणीं अंदाज नको. पंप व दाबनळी यांमध्यें दाबाचें मीटर व एक बंद करण्याचा कॉक बसवितात. इंजिन चालूं ठेवून कॉक क्षणभर, पांच सेकंदांहून कमी, बंद केला असतां पुस्तकांत दिलेला दाब मीटरवर चढला, तर पंप निर्दोष आहे व दोष पेटींत आहे. दाब चढला नाहीं तर पंप गेला. ही परीक्षा थोड्या मिनिटांची आहे. जेथें हें मीटर असेल अशाच कारागीराकडे जावें, आणि मीटरचा आंकडा स्वतः पाहून वहींत लिहावा. पेटी उघडून सीलांचा संच बदलणें हें घरचें काम नव्हे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावतीवर भागाचें नांव लिहून घ्यावें.

घाटांत इंजिन बंद करणें

डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड कित्येक चालकांस आहे. इंजिन थांबतांच पंप थांबतो व स्टिअरिंग जड होतें. डिझेल गाडींत ब्रेकला साह्य करणारा निर्वात पंपही इंजिनावरच चालतो. म्हणून दोन-चार वेळां ब्रेक दाबल्यावर तोही दगडासारखा होतो. त्यांत किल्ली पूर्ण मागें फिरविली तर स्टिअरिंगचें कुलूप बसून चाक फिरेनासें होतें. कसारा असो, खंबाटकी असो, कुंभार्ली असो, भरल्या गाडीस उतारावर खालच्या गियरांत चालूं इंजिनानेंच न्यावें. त्यांत वांचणाऱ्या पेलाभर डिझेलाकरितां चालकाचा जीव पणास लावूं नये. चालक पगारी असेल तर त्यास हें मालकानें स्वतः बजावावें.

कायद्याचें म्हणणें

पिकअप ही मालवाहू गाडी असल्यानें तिला योग्यतेचें प्रमाणपत्र लागतें, आणि आठ वर्षांहून जुन्या गाडीस तें दरवर्षीं घ्यावें लागतें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांतील नियम ९८ अन्वयें स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक असतां कामा नये, बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असाव्या लागतात, आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्या लागतात. ३० अंश म्हणजे वर्तुळाचा बारावा हिस्सा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर तो सुमारें साडेदहा सेंटिमीटर भरतो. ही कायद्याची शेवटची हद्द झाली. शहाण्यानें दोन-तीन सेंटिमीटरांहून अधिक खेळ दिसतांच जॉइंट तपासावे. चाकाच्या कडेवर खडूची खूण करून फूटपट्टीनें हा खेळ मोजण्यास एक मिनिट पुरतें.

नियमित निगा

दर आठवड्यास टायरांची हवा व टाकीची पातळी. दर महिन्यास पट्टा व नळ्या. पावसाळ्यापूर्वीं व नंतर बॉल जॉइंटांच्या टोप्या, आणि जेथें ग्रीसचे निपल असतील तेथें ग्रीस. चिखलाच्या पाणंदींतून किंवा ओढ्याच्या पाण्यांतून गाडी नेल्यावर रबरी घड्या फाटल्या नाहींत ना, तें पाहावें. गाडी फवारणी-पंपाच्या धारेनें धुतांना टाकीच्या झांकणावर धार मारूं नये. गाडीचें पुस्तक हरवलें असेल तर कंपनीच्या विक्रेत्याकडून त्याची प्रत मिळवावी. ज्या वहींत पिकाचा जमाखर्च मांडतो, तींतच गाडीसाठीं चार पानें राखून तेल केव्हां घातलें, किती घातलें, पट्टा केव्हां बदलला याची तारीखवार नोंद करावी. टाकी दर खेपेस किती उतरते हें त्या नोंदीवरूनच कळतें, आणि गळती नळी फुटण्यापूर्वीं हातीं लागते. चार महिने तेल घालणाऱ्या त्या गृहस्थांजवळ अशी वही असती तर नळी घाटांत नव्हे, अंगणांत बदलली गेली असती.

ज्या वाचकांच्या गाडींत वर न आलेला दोष आढळला असेल, त्यांनीं लक्षणें व शेवटीं सांपडलेलें कारण संपादकांकडे लिहून कळवावें. इतर बंधूंस त्याचा उपयोग होईल.